पुण्याचं मैलापाणी, पंढरीचं तीर्थ

पुण्यात ओढलेल्या फ्लशचं पाणी कुठे जातं, हे कुणालाही विचारा. ‘ड्रेनेजला.’ ड्रेनेज कुठे जातं? ‘महापालिकेच्या प्लांटला.’ आणि प्लांटपर्यंत पोचलंच नाही तर? इथे गप्पा संपतात.

उत्तर नकाशावर आहे. ओढ्या-नाल्यांतून मुळेत आणि मुठेत, संगमाखाली मुळा-मुठेत, पुढे दौंड-शिरूरच्या शिवेवर भीमेत, भीमेतून उजनीत आणि उजनीतून पंढरपुरात. आषाढीला लाखो माणसं त्या पाण्यात उतरतात, चूळ भरतात, बाटलीत भरून ते पाणी घरच्या देवासाठी नेतात. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं.

इंद्रायणीची वाट वेगळी, मुक्काम तोच. लोणावळ्याहून निघालेली ही नदी देहू आणि आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. आळंदीच्या घाटाखाली दरवर्षी पांढराशुभ्र फेस तरंगतो, त्याची छायाचित्रं दरवर्षी छापून येतात आणि दरवर्षी अधिकारी पाहणी करून जातात. घाटाच्या शेवटच्या पायरीवर एखादी म्हातारी वारकरीण ओणवी होते, फेस हाताने बाजूला सारते, मधे जरा मोकळं पाणी दिसलं की त्यात तांब्या बुडवते आणि डोळ्यांना लावते. तिला कुणी सांगितलेलं नसतं की फेस हटला तरी खालचं पाणी तेच आहे. साबण-पावडरी, मैला आणि कारखान्यांचं सांडपाणी एकत्र आलं की फेस धरतो. तो वाऱ्याने पांगतो, पाण्यातलं काही पांगत नाही.

म्हणजे वारी जिथून निघते ती नदी आणि जिथे पोचते ती नदी, दोन्हींत पुणे जिल्ह्यातली शहरं घाण सोडतात. पालखीच्या वाटेवर पाण्याचे टँकर उभे करणारी, वारकऱ्यांचे पाय चेपणारी, पुरणपोळीचं जेवण घालणारी हीच शहरं. सेवा खरी आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्याचे पाय चेपले त्यालाच खालच्या गावी आपलं मैलापाणी पाजायचं, हे चालणार नाही.

•

आता ‘जायका’ची गोष्ट. पुण्यात हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. जपानच्या मदत संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठा स्वच्छ करायची योजना जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाली. खर्च ९९० कोटी २६ लाख. त्यातले ८४१ कोटी ७२ लाख केंद्राचे, उरलेले पालिकेचे. जपानचं व्याज वर्षाला अवघं ०.३० टक्के, फेड ४० वर्षांत. इतकं स्वस्त आणि इतकं निवांत कर्ज एखाद्या शहराच्या नदीला सहसा मिळत नाही. ११ नवे मैलाशुद्धीकरण प्रकल्प, त्यांची क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर, आणि शंभरावर किलोमीटरच्या नव्या मैलावाहिन्या. आधीची ४७७ दशलक्ष लिटरची क्षमता धरून एकूण ८७३. मुदत होती जानेवारी २०२२.

निविदा जादा दराच्या आल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. जागा ताब्यात नव्हत्या. सल्लागार नेमण्यात वर्षं गेली. आणि ज्या योजनेचं काम जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण व्हायचं, तिची कोनशिला ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बसली. तोवर खर्चाचा आकडा १,४७० कोटींच्या पुढे गेला होता. व्याजात मिळालेली सवलत उशिराने खाऊन टाकली.

त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात आणखी एक कोनशिला बसली, नदीकाठ सुधारणेची. ४४ किलोमीटरचे काठ, ४,७२७ कोटी रुपये. फरसबंदी, पायवाटा, घाट, बागा. नदीत काय वाहतंय ते साफ करायला जेवढे पैसे, त्याच्या तिपटीहून जास्त तिच्या काठांना. मला सांगा, काळ्या पाण्याच्या काठाला संध्याकाळी नाकाला रुमाल लावून कोण फिरायला जाणार आहे? आधी पाणी, मग काठ. हा क्रम उलटा लावणाऱ्यांनी नदीकडे जमीन म्हणून पाहिलं, पाणी म्हणून पाहिलंच नाही.

आणखी एक. योजना मंजूर झाली २०१६ मध्ये. त्यानंतर २०१७ मध्ये ११ गावं पालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. गावं आली म्हणजे माणसं आली, इमारती आल्या, संडास आले. त्यांची ड्रेनेज लाइन कागदावर. मग तिथली सोसायटी सेप्टिक टँकवर चालते, टाकी भरली की उपसायला टँकर येतो आणि रात्रीच्या अंधारात जवळच्या ओढ्यावर रिकामा होतो. म्हणजे ८७३ चा आकडा उद्या पूर्ण उभा राहिला तरी तो कालच्या पुण्यासाठी असेल.

•

क्षमता, क्षमता, क्षमता. प्रत्येक पत्रकात हाच शब्द. ‘शहराची शुद्धीकरण क्षमता इतकी एमएलडी झाली.’ एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. पण क्षमता ही टाकीची असते, टाकीत किती पाणी आलं आणि त्यातून कसं बाहेर पडलं ते तिच्यावरून कळत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा देशाचा हिशेब पाहा. शहरांतून रोज निघणारं मैलापाणी ७२,३६८ दशलक्ष लिटर. उभारलेली क्षमता ३१,८४१. प्रत्यक्ष शुद्ध होणारं पाणी २०,२३५. निम्म्याहून जास्त घाणीसाठी प्लांटच नाहीत, आणि जे प्लांट आहेत त्यांच्याही क्षमतेचा तिसरा हिस्सा रिकामा पडून आहे. तहानलेल्या नदीशेजारी हे रिकामे प्लांट उभे आहेत.

महाराष्ट्र या हिशेबात वरच्या नंबरावर दिसतो. सर्वात जास्त उभारलेली क्षमता आपली, ६,८९० दशलक्ष लिटर. भाषणात सांगायला हे बरं वाटतं. त्याच मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशभरात प्रदूषित नदीपट्टे ३११, त्यातले ५५ महाराष्ट्रात. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. क्षमतेत पहिले आणि घाणीतही पहिले. क्षमतेच्या आकड्याने नदीबद्दल काहीच कळत नाही, याचा आणखी कुठला पुरावा हवा?

रिकामे का राहतात प्लांट? कारण गटाराची लाइन प्लांटपर्यंत जातच नाही. प्लांट बांधायला जागा एकच लागते, फीत एकदाच कापायची असते. लाइन टाकायला चाळीस गल्ल्या खणाव्या लागतात, लोकांच्या शिव्या खाव्या लागतात, आणि काम झाल्यावर वर डांबर पडलं की कुणाला काही दिसत नाही. न दिसणाऱ्या कामाला आपल्याकडे वाली नसतो.

•

कधी वेळ काढून एखाद्या नाल्याच्या तोंडाशी उभे राहा. पुण्यात नाले काही कमी नाहीत: आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला, माणिक नाला. आणि रामनदी, जिला आता नदी म्हणायलाही लोक थबकतात. नदीला मिळण्याआधी नाल्यावर छोटी आडवी भिंत घातलेली दिसते. भिंतीमागे पाणी अडतं आणि बाजूच्या तोंडातून मैलावाहिनीत वळतं. त्या तोंडाला लोखंडी जाळी. जाळीवर दुधाच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, सिमेंटची रिकामी पोती, डायपर, देवाच्या फोटोची चौकट, निर्माल्य. कर्मचारी लांब दांड्याचा आकडा घेऊन ते ओढून काढत असतो. तो असेल तेव्हा पाणी प्लांटला जातं. तो चहाला गेला, सुट्टीवर असला, किंवा ठेकेदाराने ती जागा भरलीच नसली, की जाळी तुंबते आणि पाणी भिंतीवरून उडी मारून थेट नदीत. हजारो कोटींच्या योजनेचं भवितव्य त्या आकड्याच्या टोकाशी असतं. त्या माणसाचा पगार किती आहे, त्याला गमबूट आणि हातमोजे दिलेत का, हे स्थायी समितीच्या कुठल्या बैठकीत कधी विचारलं गेलं?

पात्राकडे पाहिलंत तर काठाकाठाने चेंबर दिसतील. जुन्या मोठ्या मैलावाहिन्या नदीच्या कडेने, बऱ्याच ठिकाणी पात्रातूनच गेल्या आहेत. पावसाळ्यात नदी चढली की नदीचं पाणी लाइनमध्ये शिरतं. उन्हाळ्यात लाइन तुंबली की लाइनचं पाणी झाकण उचलून नदीत येतं.

आता प्लांटच्या आत. तिथे जादू काही नाही, सगळं काम जिवाणूंचं. आधी जाळ्या मोठा कचरा अडवतात, मग वाळू-खडे बसवले जातात, मग पाणी वातनटाकीत येतं. ब्लोअर तळातून हवा सोडतात, त्या हवेवर जिवाणू जगतात आणि मैला खाऊन संपवतात. टाकी नीट चालत असेल तर पाणी तपकिरी असतं आणि ओल्या मातीसारखा वास येतो. पाणी काळं पडलं, सडक्या अंड्याचा वास सुटला, की हवा कमी पडतेय. जाणता ऑपरेटर एक लिटरच्या काचेच्या नळीत ते पाणी भरून अर्धा तास ठेवतो आणि गाळ कुठवर बसला ते बघतो. त्या नळीकडे बघून तो प्लांटची तब्येत सांगतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी.

वीज गेली की ब्लोअर थांबतात. ब्लोअर फार वेळ थांबले की जिवाणू मरतात, आणि त्यांची नवी फौज तयार व्हायला दिवस लागतात. म्हणून प्लांट बांधणं हे काम अर्धं. तो रोज, रात्री, दिवाळीत आणि पुरात चालवणं हे उरलेलं अर्धं. बांधायला दिल्लीतून, टोकियोतून पैसे येतात. चालवायचं वीजबिल मात्र पालिकेने भरायचं असतं, आणि तिजोरीत खडखडाट झाला की पहिली काटकसर तिथे होते. कारण ब्लोअर बंद केल्याची बातमी होत नाही. मासे मेले तर होते, तीही दोन दिवस.

•

आता कुणी म्हणेल, प्लांट सगळे उभे राहिले, सगळे चालले, मग तर झालं ना? नाही, तेवढ्यानेही भागणार नाही, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

पाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्याचं माप म्हणजे बीओडी. आकडा जितका मोठा, तितकी घाण जास्त. कच्च्या मैलापाण्याची बीओडी लिटरला दोनशे-अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. केंद्राने २०१७ मध्ये महानगरांतल्या प्लांटना २० ची मर्यादा घातली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती १० वर आणायला सांगितली. आंघोळीला योग्य नदीची मर्यादा किती? ३. विष्ठेतल्या जंतूंचंही तसंच. १०० मिलिलिटर पाण्यात ५०० पर्यंत असावेत, कमाल २,५०० पर्यंत चालतील, असं आंघोळीच्या पाण्याचं मानक आहे.

म्हणजे प्लांटने नियम अगदी तंतोतंत पाळला तरी त्यातून येणारं पाणी आंघोळीचं नसतं. ते आंघोळीचं व्हायला नदीत नदीचं स्वतःचं पाणी लागतं. आणि ते कुठे आहे? पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला, चारही धरणांनी अडवलेलं. पावसाळा सरला की खडकवासल्याखाली मुठेत जे वाहतं ते बहुतांश आपणच सोडलेलं असतं. नदीला तिचं थोडं पाणी बारा महिने सोडा, हे मागणं भाबडं नाही. त्याशिवाय शुद्धीकरणाचा एकही आकडा नदीपर्यंत पोचणार नाही.

पण पाण्याच्या बाबतीत शहरांची भूक उलट्या दिशेने चालते. आपली नदी खराब केली की वरची नदी मागायची. १ जानेवारी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागाला खेड तालुक्यातल्या भामा-आसखेड धरणाचं पाणी येतं. धरणग्रस्तांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. पिंपरी-चिंचवडला पवना धरणातून बंद पाइपने पाणी हवं होतं. त्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. वरच्या गावाकडून स्वच्छ पाणी बंद पाइपातून घ्यायचं आणि खालच्या गावाला घाण पाणी उघड्या नदीतून द्यायचं. या व्यवहारात शहराला दोन्हीकडून फायदा आहे आणि गावाला दोन्हीकडून फटका.

मुंढव्याच्या जॅकवेलचं, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीचं, उदाहरण घ्या. ठरलं असं की पालिका शुद्ध केलेलं साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दरवर्षी जुन्या कालव्यात सोडेल, हवेली-दौंडचे शेतकरी ते शेतीला वापरतील, आणि तितकं धरणातलं पाणी वाचेल. कल्पना उत्तम. तिच्या बाजूने मी कितीदाही बोलेन. पण तिचा पाया एकच होता: सोडलेलं पाणी शुद्ध असेल. तो पाया ढासळला की कालव्याकाठच्या विहिरी बिघडतात, जमीन बिघडते, आणि त्या पाण्यावर वाढलेली मेथी-पालकाची जुडी पहाटेच्या टेम्पोने परत मार्केट यार्डात येते. पुण्याच्याच ताटात.

काठ वरचा असो की खालचा, घाण फिरून येते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. हातापायांतली ताकद जाऊन माणसं रुग्णालयांत आली, काही जण व्हेंटिलेटरवर गेले, काही दगावले. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. संशय दूषित पाण्यावर आला. ज्या विहिरीतून त्या भागाला पाणी जायचं, तिथे शुद्धीकरण केंद्र नव्हतं, क्लोरीन टाकला की पाणी घरात. खडकवासला धरणाच्या वरच्या अंगाला वस्त्या, हॉटेलं, रिसॉर्ट वाढताहेत आणि त्यांची गटारं जलाशयाकडे उतरताहेत, हे त्याआधी कितीतरी वर्षं सगळ्यांना दिसत होतं.

•

कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९६९ मध्येच जलप्रदूषणाचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण मंडळ स्थापन केलं. केंद्राचा कायदा १९७४ चा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सगळ्या पालिकांना मैलाशुद्धीकरणासाठी तीन वर्षांची मुदत दिली. ती २०२० मध्ये संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये हरित लवादाने महाराष्ट्राला घनकचरा आणि मैलापाणी मिळून सुमारे १२,००० कोटींचा दंड ठोठावला. राज्यात रोजची तूट ५,४२० दशलक्ष लिटर, आणि दर दशलक्ष लिटरमागे दोन कोटी, असा मैलापाण्याचा हिशेब होता. पुढे त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली.

पण दंड भरला असता तरी कुणाच्या खिशातून? करदात्याच्या. ज्यांच्या टेबलावर फाइल चार वर्षं झोपली, त्यांना एका रुपयाची तोशीस नाही. मंडळ पालिकेला नोटीस पाठवतं, पालिका उत्तर पाठवते, दोन्ही कागद दोन सरकारी कपाटांत जातात. कारखानदाराचं वीज-पाणी तोडता येतं. पालिकेचं काय तोडणार? म्हणून दंडापेक्षा नाव महत्त्वाचं. कुठल्या प्लांटला कोण जबाबदार, हे नावानिशी लिहिलेलं हवं, आणि प्लांट बंद राहिला तर त्या नावाच्या गोपनीय अहवालात ते उमटायला हवं.

राज्यात चांगलं काही होतच नाही, असं मला म्हणायचं नाही. नागपूर महापालिका भांडेवाडीत शुद्ध केलेलं मैलापाणी कोराडीच्या वीज केंद्राला देते आणि त्याचे पैसे घेते. वीज केंद्राने तेवढं धरणाचं पाणी घेणं सोडलं. मैलापाण्याला गिऱ्हाईक मिळालं की प्लांट चालू ठेवायला कारण मिळतं, कारण पाणी बिघडलं तर गिऱ्हाईक बोंब मारतं. नदी बोंब मारत नाही. नाग नदी अजून स्वच्छ झालेली नाही हेही खरं, पण दिशा बरोबर आहे. पुण्याभोवती चाकण, रांजणगाव, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहती आहेत. त्यांना धरणाचं ताजं पाणी कशाला? बांधकामांना प्रक्रिया केलेलं पाणीच वापरायची सक्ती पालिकेने केली, ती चांगली गोष्ट. तिची अंमलबजावणी तितकीच सक्तीची हवी.

आणि सोसायट्यांनो, तुम्हीही. मोठ्या गृहप्रकल्पाला स्वतःचा शुद्धीकरण प्लांट बांधावा लागतो. बिल्डर तो बांधतो, दाखला मिळवतो, चावी सोसायटीला देतो. मग मासिक देखभाल खर्च कमी करायच्या नादात समिती पहिला ब्लोअर बंद करते. जिमची ट्रेडमिल बिघडली तर व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे मेसेज. तळघरातला प्लांट सहा महिने बंद असला तर एक नाही. पालिकेला बोल लावायचा हक्क आपल्याला आहे, पण तो आधी तळघरात उतरून कमवावा लागेल.

•

भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात. २०१६ मध्ये राज्य सरकारने तिच्या स्वच्छतेची ‘नमामि चंद्रभागा’ योजना जाहीर केली. चंद्रभागा पंढरपुरात स्वच्छ होणार नाही. तिथे घाट धुता येतील, निर्माल्य उचलता येईल, पंढरपूरची स्वतःची गटारं अडवता येतील, आणि ते सगळं करायलाच हवं. पण पाणी येतं वरून. चंद्रभागेची स्वच्छता बोपोडीत, मुंढव्यात, खराडीत, चिखलीत, तळवड्यात, लोणावळ्यात व्हायची आहे. पुण्याने आपल्या नदीचा नमुना बंडगार्डनला घेऊन थांबू नये. शहराची हद्द संपते तिथे, पाणी पुढच्या गावाच्या हवाली होतं तिथे, रोज मोजावं. हद्दीत येताना पाणी कसं होतं आणि हद्द सोडताना कसं आहे, एवढे दोन आकडे शेजारी शेजारी छापले तर पालिकेच्या कामाचं मोजमाप त्यात आलं. बाकीचा अहवाल नसला तरी चालेल.

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवक नव्हते. प्रशासकाचा कारभार होता, विचारायला समोर कुणी नव्हतं. आता आहेत. म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला गाठा आणि त्याला क्षमता विचारू नका. आपल्या भागाचं मैलापाणी कुठल्या प्लांटला जातं, काल तिथे किती दशलक्ष लिटर पाणी आलं, बाहेर पडलेल्या पाण्याची बीओडी आणि जंतूंचा आकडा किती होता, आणि गेल्या महिन्यात ब्लोअर किती तास बंद होते, हे विचारा. हे आकडे प्लांटच्या फाटकावर फळ्यावर रोज लिहिले जावेत, असा ठराव त्याच्याकडून मागा. तो टाळाटाळ करू लागला तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.